तरुणपणी सापडलेलं गाणं आणि त्यापायी घातलेला दंगा

करमाळ्याचा_बाळ्या (धागाकर्ता)

मंडळी, हा धागा बरेच दिवस डोक्यात होता. आमच्या पिढीला गाणं घरबसल्या कुणी आणून दिलं नाही, ते कुठल्यातरी मांडवात, कुणाच्यातरी खोलीवर नाहीतर कुणाच्यातरी लग्नात अचानक कानावर पडलं, आणि पडलं तेव्हा आजूबाजूला दंगा चालूच होता. मला तर वाटतं ज्यांच्याबरोबर दंगा घातला त्यांनीच आपल्याला गाणं दिलं. तर इथं दोन्ही एकत्र सांगा. गाणं कुठं सापडलं आणि त्या वेळी काय धुडगूस चालला होता.

माझं सांगतो. १९८८-८९ च्या आसपास करमाळ्याहून पुण्याला शिकायला आलो. घरी संगीत म्हणजे रेडिओ, बुधवारी रात्री आठला सिलोन लावायचं, अमीन सयानींचा आवाज खरखरीतून वर येईपर्यंत वडील सुई फिरवत बसायचे. हॉस्टेलला धारवाडकडचा एक सीनियर होता, आम्ही त्याला अण्णा म्हणायचो, त्याने डिसेंबरात आमच्या अख्ख्या विंगला ओढत सवाई गंधर्वला नेलं. भीमसेन जोशींनी गुरूंच्या स्मरणार्थ १९५३ ला सुरू केलेला महोत्सव, आम्ही गेलो तेव्हा रमणबागेच्या मैदानावर असायचा आणि शेवटची रात्र पार उजाडेपर्यंत चालायची. आम्ही भारतीय बैठकीत, सगळ्यांत मागे, हॉस्टेलच्या चादरी अंगावर, आणि खरं सांगायचं तर निम्मं लक्ष बटाटेवड्याच्या स्टॉलकडे.

मग मल्लिकार्जुन मन्सूर बसले. किरकोळ अंगाचा म्हातारा माणूस, तंबोरे जुळले न जुळले तोच थेट बंदिशीला हात घातला, आलापीत रेंगाळणं नाही, आणि तान कुठून निघाली आणि समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, कशी येऊन पडली ते कळायच्या आत पुढची सुरू. राग कोणता ते मला कळणं शक्यच नव्हतं, अण्णा कानात सांगत होता की हे जयपूर घराणं, हे लोक अनवट, म्हणजे फारसे कुणी न गाणारे, राग गातात, नाव विचारू नको नुसतं ऐक. त्या रात्रीनंतर मी पूर्वीचा राहिलो नाही एवढंच सांगतो.

आता दंगा. महोत्सव संपताना खुद्द सवाई गंधर्वांची जुनी रेकॉर्ड लावतात, ती ऐकून आम्ही सायकली काढल्या आणि पेठांतून ताना मारत निघालो. ताना म्हणजे बोंबाच. दहाबारा पोरं, सगळ्यांचे गळे बसलेले, पण अण्णा पुढे हात हवेत फिरवत आणि आम्ही मागे आ आ आ करत. एका वाड्यातून एक गृहस्थ पाण्याची बादली घेऊनच बाहेर आले. आता अंगावर येणार म्हणून आम्ही सायकली वळवल्या तर ते ओरडले, "अरे थांबा! सवाईहून येताय ना? म्हातारा कसा गायला ते सांगा आधी!" त्यांना तापामुळे जाता आलं नव्हतं. मग बादली खाली ठेवून तिथंच ओट्यावर बैठक झाली, अण्णाने त्यांना एक तान दोनदा गाऊन दाखवली, काकूंनी सगळ्यांना चहा दिला आणि समोरच्या वाड्यातले लोक खिडक्या उघडून आम्हाला शिव्या देत होते ते वेगळंच.

येऊ द्या तुमचं.

गिरणगावकर

भारी धागा बाळ्याशेठ. आमच्याकडे वाडे नव्हते चाळी होत्या आणि पाण्याची बादली खरंच अंगावर यायची.

मी लालबागचा. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार घरी बसले, त्यात माझा बाप. त्या वर्षी गणपतीत वर्गणी मागायला तोंड नव्हतं कुणाला. दरवर्षी विसर्जनाला बाहेरून बेंजो पार्टी यायची, तिचे पैसे कुठून आणणार? तर आमच्या चाळीतल्या पोरांनी ठरवलं आपणच वाजवू. तिसऱ्या माळ्यावरच्या एका मामांकडे जुना बेंजो होता, त्याला बटणं असतात टाइपरायटरसारखी, डाव्या हाताने बटण दाबायचं आणि उजव्या हाताने तारा छेडायच्या. मामांनी गॅलरीत बसवून शिकवलं. बोटांच्या पेरांना फोड आले, ते फुटले, परत आले. एकाने ढोलकी धरली, एकाने खुळखुळा, एकाने कुठून तरी कोंगो पैदा केला. अँप्लिफायरला गाडीची बॅटरी लावायची आणि सगळं हातगाडीवर बांधायचं.

चौपाटीपर्यंत चालत वाजवत गेलो. वाटेत बॅटरी बसली तर एका टॅक्सीवाल्याने स्वतःच्या गाडीची काढून दिली आणि स्वतःही नाचत आला, टॅक्सी तिथंच उभी!! त्यानंतर आम्हाला सुपाऱ्या यायला लागल्या. वरळी कोळीवाड्यातल्या हळदी म्हणजे काय विचारू नका. नवऱ्याची आई, आजी, आत्या सगळ्या भर रस्त्यात, आणि आपण थांबलो की म्हाताऱ्या अंगावर धावून यायच्या, "वाजव रे, हात मोडलं का?" पहाटे हात खरंच उचलत नसायचे. संपाच्या त्या दिवसांत घरात जे दोन पैसे यायचे त्यात बेंजोचे पण होते हे मी अभिमानाने सांगतो.

आणि माझा शोध म्हणाल तर प्रल्हाद शिंदे. आवाज ओळखीचा होताच, आषाढीला विठ्ठलाची गाणी लागायची. पण १४ एप्रिलच्या आसपास नायगावच्या बीडीडी चाळीत रात्रभर ऐकायला गेलो तेव्हा कळलं की हाच माणूस कव्वालीत समोरच्या पार्टीला कसा घेतो. सवाल जवाब, मधेच शेर, मधेच बाबासाहेबांवरचं गाणं, आणि अख्खी चाळ एका सुरात ओळ उचलते. वामनदादा कर्डकांची गाणी तिथंच पहिल्यांदा शब्द लावून ऐकली. शाळेच्या पुस्तकात त्यांचं नाव नव्हतं, त्या मैदानावर मात्र पोराटोरांना पाठ होती. बेंजोवर मी पहिल्यांदा स्वतः बसवलेली चाल त्यांच्याच एका गाण्याची.

नव्वदी_साइड_बी

गिरणगावकर भाऊ, हा बेंजो मुळात जपानी बरं का. १९१२ च्या सुमारास नागोयात तैशोगोतो म्हणून निघाला, तिथून आपल्याकडे येऊन बुलबुलतरंग झाला. पण त्याला हातगाडीवर बांधून बॅटरी जोडायचं काम लालबागनेच केलं असणार.

मी नागपूरचा. आमचं सगळं कॅसेटवर. वहीच्या पानावर गाण्यांची यादी लिहायची, दुकानदाराला द्यायची, तो चार दिवसांनी कॅसेट भरून द्यायचा. साठची घेतली तर एका बाजूला तीस मिनिटं, नव्वदची घेतली तर पंचेचाळीस. हिशेब करून गाणी लिहा म्हणायचा तो, नाही तर शेवटचं अर्ध्यात कापलं जाते. मला हिशेब जमायचा, मी मुद्दाम दोन मिनिटं कमीच लिहायचो.

तर एकदा नव्वदच्या बी साइडला सातआठ मिनिटं उरली. दुसरा कोणी असता तर कोरी ठेवली असती. या बाबाने त्याच्या मनानेच तिथं कुमार गंधर्वांचं एक निर्गुणी भजन भरलं. रूमवर आम्ही सगळे फिल्मी गाण्यावर नाचत होतो, होळीचा आदला दिवस होता, अंगभर रंग, कोणी पलंगावर चढलेला कोणी टेबलावर, गाणं संपलं आणि टेप पुढे चालूच राहिला आणि हा आवाज निघाला. नुसता एक तंबोरा आणि एक आवाज, असा मधेच तुटणारा आणि परत वर जाणारा. एक जण ओरडला "काहून बे, बंद कर ना!" तर टेबलावर चढलेला जो सगळ्यांत मस्तीखोर होता तो म्हणे, "हात नको लावू." आणि तो तिथंच टेबलावर बसला. सगळं होईपर्यंत कोणी हललं नाही आणि मग बी साइड मागे फिरवून तेच परत लावलं.

दुसऱ्या दिवशी धुळवड सोडून मी दुकानात. त्याने सगळं सांगितलं, ऐन तारुण्यात क्षय झाला, देवासला येऊन काही वर्षं गाणं पूर्ण बंद, अंथरुणावर पडून माळव्यातल्या बायकांची गाणी खिडकीतून ऐकली, आणि उठल्यावर एका फुप्फुसावर जी गायकी उभी केली ती ही. मग मला तो सवयच लावून बसला. दरवेळी यादीत पाच मिनिटं जागा ठेवायची, ती त्याची. त्या पाच पाच मिनिटांत मला बेगम अख्तर मिळाल्या, शोभा गुर्टू मिळाल्या, एकदा तर नुसती सनई. दुकान कधीच बंद झालं. तो माणूस माझा गुरू आहे असं मी मानतो.

करमाळ्याचा_बाळ्या

उरलेल्या टेपवर दुकानदाराने आपल्या मनाने भरायचं, काय माणूस असेल!

रंगभवनवाली

मी एकटीच बाई दिसतेय अजून, तर लिहिते. पार्ले, नव्वदीची सुरुवात. घरात नाट्यगीतं, आजीची सकाळची भूपाळी, आणि मी इंडिपेंडन्स रॉकला रंगभवनला. धोबी तलावचं उघडं थिएटर. हा महोत्सव १९८६ ला सुरू झाला आणि मुंबईच्या पोरांनी उभं केलेलं रॉक ऐकायचं तर तिथंच. दुपारीच सुरू व्हायचं, सगळे काळ्या टीशर्टात, मुली हाताच्या बोटांवर मोजण्याएवढ्या. आम्ही तिघी मैत्रिणी कडं करून उभ्या राहायचो आणि कुणी अंगचटीला आला तर कोपर. एकदा एकाला असं कोपर बसलं की त्याचा चष्मा पुढच्या तीन रांगांवरून गेला, आणि त्याच्याच मित्रांनी त्याला बाहेर काढला आणि आम्हाला पुढे जागा करून दिली. त्यानंतर दरवर्षी ती गँग आम्हाला ओळखायची, "ताई आल्या, जागा द्या" म्हणून.

नुसती परदेशी गाण्यांची नक्कल करणाऱ्या बँडला पब्लिक सोडायचं नाही, "स्वतःचं वाजव" म्हणून ओरडा सुरू. मला ते आवडायचं. रॉक मशीनला मी तिथंच ऐकलं, तेच पुढे इंडस क्रीड झाले. आपल्याच शहरातली माणसं स्वतःची गाणी लिहून गातात आणि हजारो पोरं ती पाठ म्हणतात, हे बघून मी घरी येऊन गिटारसाठी हट्ट धरला.

मला घरी वेळेत पोचायचं असायचं म्हणून शेवटचा मोठा बँड सोडून मरीन लाइन्सला लोकल पकडावी लागायची. खूप जळफळाट व्हायचा. पण एकदा घाईत जनरलच्या डब्यात चढलो आणि त्यात भजनी मंडळ. टाळ, डब्याच्या पत्र्यावर ठेका, एक काका खड्या आवाजात तुकोबांचा अभंग घेत होते. आमच्याबरोबर कॉलेजच्या बँडचा ड्रमर होता, कानात अजून रंगभवन घुमत असलेला, त्याने सीटच्या पाठीवर काड्या काढून ठेका धरला. काकांनी बघितलं. मला वाटलं आता ओरडणार. त्यांनी लय वाढवली! दादर गेलं, बांद्रा गेलं, दोघं एकमेकांना सोडेनात, अख्खा डबा टाळ्या वाजवतोय, दारातले लोक आत वळून बघतायत, आणि पार्ल्याला आम्ही कुणीच उतरलो नाही. अंधेरीला उतरून परत मागे आलो. घरी बोलणी बसली ती बसली. पण भजनी ठेका काय चीज आहे ते मला एका रॉकच्या ड्रमरमुळे कळलं, आणि पुढे त्या ड्रमरने पखवाज शिकायला घेतला.

रंगभवन २००३ च्या सुमारास शांतता क्षेत्र म्हणून बंद झालं, जवळ हॉस्पिटलं आहेत. हॉस्पिटलं जवळ असताना ते बरोबरच होतं हे कळतं मला, पण त्या बदल्यात शहराने आम्हाला दुसरी तशी स्वस्तातली उघडी जागा दिली नाही हा राग माझा अजून आहे. काळा घोड्याचं ऱ्हिदम हाउससुद्धा २०१६ ला गेलं, तिथं पैसे नसले तरी कॅसेट ऐकून बघता यायची.

कनातीखालून

रंगभवनवाली ताई, लोकलचा किस्सा लय आवडला.

आमचा जुन्नर तालुका, म्हणजे तमाशा. नारायणगावला गुढीपाडव्याच्या टायमाला फडांच्या राहुट्या पडतात, गावोगावचे कारभारी येऊन आपापल्या जत्रेसाठी तमाशा ठरवून जातात, सुपारी फुटते. आम्ही शाळेपासूनच तिथं घिरट्या घालायचो. कुठला फड कुठल्या गावाला चाललाय ते मास्तरांच्या आधी आम्हाला माहीत. मग रात्री सायकलवर डबलसीट ट्रिपलसीट, तिकिटाला पैसे नाहीत, कनातीच्या खालून सरपटत आत. आत गेलं की मोठी माणसं फेटे उडवतायत, शिट्ट्या, धुरळा, जनरेटरचा आवाज, गौळण चाललीय, मावशी आणि सोंगाड्याची बतावणी, हसून हसून पोट दुखायचं.

आता मुद्द्याचं. रंगबाजी संपली की अर्धं पब्लिक उठायचं, आम्हीपण उठायचो. एकदा सायकल पंक्चर झाली म्हणून थांबावं लागलं आणि पहिल्यांदा पूर्ण वग, म्हणजे तमाशातलं शेवटचं नाटक, पाहिला. तंबू निम्मा रिकामा, आम्ही पुढे जाऊन स्टेजला हनुवटी टेकून बसलो, ढोलकीवाला आमच्यापासून हातभर लांब. त्याची बोटं मी तेव्हा जवळून पाहिली. शाईच्या कडेला नुसतं बोटाचं टोक टेकवून जो टणत्कार काढायचा तो अख्ख्या तंबूत जायचा आणि डावा हात धुमकीवर, म्हणजे जाड आवाजाच्या बाजूवर, आवाज दाबत सोडत खेळायचा, बाई बोलतेय तेवढा वेळ गप्प आणि वाक्य संपताच एकच थाप. वग रडवणारा होता, मघाशी पाचकळपणा करणारा सोंगाड्या आता बापाचं काम करत होता आणि मघाशी शिट्टी मारणारे आम्ही रडत होतो. ढोलकी हे माझं वाद्य झालं ते तिथं. तमाशाच्या विठाबाई नारायणगावकरांना मी लहानपणी लांबून पाहिलंय, त्यांच्या नावाने आता सरकार जीवनगौरव देतं, चांगलंच आहे. पण वग टिकवणाऱ्या फडांना जत्रेत पूर्ण रात्र मिळाली पाहिजे असं माझं ठाम मत आहे. दहाला माइक बंद केला तर गौळणीवरच संपतं सगळं, वग कधी करायचा?

घुमटवालो

बांद्याचा मी, गोव्याच्या हद्दीला लागून. आमचा रेडिओ पणजी केंद्र जास्त पकडायचा, त्यामुळे लहानपणी कानावर कोकणी गाणारी लोर्ना. ख्रिस पेरीच्या ट्रंपेटसोबत तिचा तो भरदार आवाज. भाषा आपल्या मालवणीच्या जवळची पण वाजवणं अगदी वेगळं, जॅझचं. आमच्या आजोबांना पण आवडायची.

दंगा म्हणशात तर सांजाव. २४ जूनला गोव्यात सेंट जॉनचा सण, पावसाने विहिरी भरलेल्या, डोक्यावर फुलापानांचा कोपेल घालून पोरं वाजतगाजत घरोघरी आणि धडाधड विहिरीत उड्या. माझा कॉलेजचा एक मित्र बार्देशातला, त्याने नेलं. मी चार विहिरी उड्या मारत गेलो आणि पाचव्या घरी मला घुमट धरायला दिलं, मातीचं मडकं, एका तोंडाला कातडं, काखेत धरून वाजवायचं. मी सहज चतुर्थीच्या आरतीचा ठेका वाजवला कारण आमच्याकडे आरतीला हेच वाद्य. सगळे थांबले. मित्राचे पप्पा म्हणाले परत वाजव. मग ते मांडोतलं, म्हणजे गोव्याच्या जुन्या कोकणी गाण्यांतलं, घुमट वाजवून दाखवायला लागले, मी आरतीतलं, ओल्या कपड्यांनी, पाऊस पडतोय, काजूची फेणी फिरतेय, आणि रात्री त्यांच्या घरात सगळ्यांनी मिळून गणपतीची आरती म्हटली. त्या वर्षी चतुर्थीला ते पूर्ण कुटुंब बांद्याला आमच्याकडे.

पूर्वी घुमटाला घोरपडीचं कातडं असायचं, कायद्याने बंदी आल्यावर बकऱ्याचं लावतात. २०१९ ला गोवा सरकारने घुमटाला राज्याचं वारसा वाद्य केलं. आमच्या सिंधुदुर्गात पण घुमट आरती आहे, तिकडे मात्र अजून कोणाचं लक्ष नाही.

पथकातली_पोर

मी तुमच्या सगळ्यांपेक्षा खूप लहान, ढोलपथकात वाजवते. बाळ्याकाका, तुमचं वाचून मन्सूर शोधले. पण रागांची नावंच पहिल्यांदा ऐकतेय, सुरुवात कुठून करू?

करमाळ्याचा_बाळ्या

बाळा, आधी त्यांचा यमन किंवा भीमपलास ऐक, ओळखीच्या रागात त्यांची चाल कळते. मग शुद्ध नट, बिहारी, सावनी अशा अनवटांकडे जा. रेकॉर्डिंग जुनी आहेत, हेडफोन लाव. आणि सम कुठं येते तिकडे लक्ष ठेव, तू ढोल वाजवतेस म्हणजे तुला ते आमच्यापेक्षा लवकर कळेल. शक्य झालं तर चारपाच जण मिळून ऐका, एकटी नको. कुणीतरी वाह म्हटल्याशिवाय तो माणूस पूर्ण ऐकू येत नाही असं मला आजही वाटतं.

गिरणगावकर

एक मदत पाहिजे. आमच्या बेंजो पार्टीच्या आणि बीडीडीतल्या कव्वालीच्या काही कॅसेटा माझ्याकडे आहेत, टू-इन-वनवर, म्हणजे रेडिओ-टेपवर, मांडवात बसून रेकॉर्ड केलेल्या. एकदोघींना पांढरी बुरशी दिसतेय. आमच्यातले दोघं वाजवणारे आता नाहीत, त्यांच्या पोरांना द्यायच्या आहेत. काय करू?

नव्वदी_साइड_बी

भाऊ, बुरशीवाल्या आत्ता अजिबात लावू नका, त्या वेगळ्या ठेवा, एकीची बुरशी डेकमधून दुसरीला लागते. चांगल्या आहेत त्या आधी घ्या. डेकचं हेड आणि रबरी रोलर आयसोप्रोपिल अल्कोहोलने कापसाच्या काडीने पुसा. मग कॅसेट एकदा पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे फिरवा, इतकी वर्षं पडून टेपचे वेढे चिकटतात, ते सुटतात. कॅसेटच्या उघड्या कडेला, टेपच्या मागे मधोमध, एक छोटी फेल्टची गादी असते ती जागेवर आहे का बघा, पडली असेल तर आवाज दबका येतो. स्क्रूवाली कॅसेट असेल तर टेप काढून दुसऱ्या चांगल्या डबीत घालता येते. वरच्या कडेच्या दोन टिकल्या आहेत का बघा, असतील तर तोडून टाका, म्हणजे चुकून रेकॉर्डचं बटण दाबलं तरी पुसलं जाणार नाही. डेकच्या लाइन आउटमधून कॉम्प्युटरला जोडा, डब्ल्यूएव्हीमध्ये घ्या, एमपीथ्री नंतर बनवा. आणि मूळ कॅसेट फेकू नका.

नाही जमलं तर कुरिअर करा, माझ्याकडे दोन चालू डेक आहेत. मी करतो.

गिरणगावकर

कुरिअर नको भाऊ, या वस्तू मी हातातच घेऊन येईन. दिवाळीनंतर नागपूरला येतो. बेंजो पण घेऊन येऊ का?

नव्वदी_साइड_बी

हे काय विचारणं झालं! घेऊन या. बॅटरी माझ्याकडे आहे.

कनातीखालून

तारीख टाका इथं. ढोलकी घेऊन मी पण येतोय.